आर्ट्स-बेस्ड एमएड करावं का? माझा दोन वर्षांचा अनुभव

मी न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये थर्ड ग्रेड शिकवते आणि रविवारी मराठी शाळेत छोट्यांचा वर्ग घेते. गेल्या उन्हाळ्यात माझं होलिस्टिक (मुलाचा सर्वांगीण विचार करणाऱ्या) आणि आर्ट्स-बेस्ड (कलांमधून शिकवायच्या) एज्युकेशनमधलं एमएड झालं, आणि तेव्हापासून तीन-चार मैत्रिणींनी विचारलंय की आम्ही घेऊ का, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. कॉलेजचं नाव देत नाहीये कारण पुढे तक्रारी पण आहेत. नोकरी सांभाळून करता येतं: उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे कॅम्पसवर राहायचं, मधल्या काळात ऑनलाइन वर्ग आणि आपल्याच शाळेत करायचे प्रोजेक्ट.

पहिल्या दिवशी सकाळी अर्धा तास गाणी झाली आणि मग कागद पाण्यात भिजवून बोर्डावर पसरायला सांगितला, रंग फक्त एक, निळा. ब्रश टेकवला की रंग पळतो, कड धरतच नाही. मी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही ग्रेड परीक्षा दिलेल्या, वस्तुचित्र, स्मरणचित्र, सगळं रेषेच्या आत बसवायची सवय, त्यामुळे मला घामच फुटला. शिकवणाऱ्या बाई चाळीस मिनिटं कुणाच्याच चित्राबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, छान पण नाही आणि चूक पण नाही, आणि शेवटी सगळे कागद भिंतीपाशी मांडून फक्त विचारलं की निळा कुठे शांत झालाय आणि कुठे अजून पळतोय. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की वर्गात मी मुलाच्या खांद्यावरून वाकून 'व्वा छान' म्हणते तेव्हा त्याचं चित्राकडे बघणं मीच बंद करते, ते मूल मग माझ्या तोंडाकडे बघायला लागतं. बारा वर्षं शिकवतेय, पण हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगून कळलंही नसतं म्हणा.

कोर्सचा बराचसा भाग वॉल्डॉर्फ पद्धतीवर आहे, म्हणजे रुडॉल्फ श्टायनरने सुरू केलेल्या शिक्षणपद्धतीवर. पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ मध्ये श्टुटगार्टला एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. सकाळी दोन तास एकच विषय, तो तीन-चार आठवडे सलग चालतो, आणि मुलं स्वतःच्या हाताने त्या विषयाचं पुस्तक तयार करतात. पहिलीत अक्षरांच्या आधी फॉर्म ड्रॉइंग येतं, म्हणजे आधी सरळ रेघ, मग वळण, मग त्यांच्या गुंफणी. ते शिकवायला लागले आणि मला आजीची अंगणातली रांगोळी दिसायला लागली, मी वहीच्या कोपऱ्यात ठिपके मांडून कासव काढत बसले. बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या उद्याचा एक तास तुझा. दुसऱ्या दिवशी मी वीस अमेरिकन टीचरना अंगणात खडूने ठिपक्यांची रांगोळी शिकवली. मला खूप भरून आलं होतं. आता रविवारच्या शाळेत 'ळ' आणि 'क्ष' लिहून घ्यायच्या आधी मी मुलांकडून ठिपके जोडून घेते, इथे वाढलेल्या मुलांच्या हाताला आपली वळणं सवयीची नसतात, आणि खरंच फरक पडतो, अक्षर सुटं होतं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते फायनल प्रोजेक्ट. आमच्याकडे तिसरीत अपूर्णांक सुरू होतात आणि छेद असतात २, ३, ४, ६ आणि ८. मी लहानपणी चार वर्षं गाणं शिकले, तर सहज डोक्यात आलं की दादरा सहा मात्रांचा, केरवा आठ मात्रांचा, सगळे छेद या दोन तालांत बसतात! मग महिनाभर रोज दहा मिनिटं मुलं गोल उभी राहून 'धा धी ना धा ती ना' म्हणायची आणि टाळी द्यायची. दादऱ्याचा अर्धा म्हणजे तीन मात्रा, एक तृतीयांश म्हणजे दोन, एक षष्ठांश म्हणजे एकच. एक मुलगी कायम म्हणायची की १/३ पेक्षा १/६ मोठं कारण सहा तीनपेक्षा मोठा, वर्कशीटवर दहा वेळा लाल खूण मिळूनही तिचं तेच. तिसऱ्या दिवशी टाळ्या वाजवता वाजवता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, अरे, जास्त लोकांत वाटलं की प्रत्येकाला कमी वेळ मिळतो. तिचे हे शब्द मी जसेच्या तसे रिपोर्टमध्ये टाकले. मला विचाराल तर माझे सगळे पैसे त्या एका वाक्यात वसूल झाले.

आता तक्रारी. ऑनलाइन टर्म फार कमी पडते. मातीकाम कॅमेऱ्यावर काय शिकणार, प्रत्येकजण आपापल्या डायनिंग टेबलवर, माती वाळत चाललेली, आणि बघणारं कुणी नाही. प्रोजेक्टवरचा फीडबॅक मला एकदा सात आठवड्यांनी मिळाला, तोपर्यंत माझा युनिट शिकवून संपला होता. श्टायनरचं वाचन खूप आहे आणि त्यातलं अध्यात्म पटलं नाही तरी चालतं, पण वंशांबद्दल त्याने जे लिहून ठेवलंय ते वाचून मला त्रास झाला आणि वर्गात त्यावर मोकळी चर्चा व्हायला आम्हालाच आग्रह धरायला लागला. आणि पंचवीस मुलं, त्यातली सहा इंग्लिश नव्याने शिकणारी, वर तिसरीपासूनच स्टेट टेस्ट, अशा वर्गात हे सगळं कसं बसवायचं याचं उत्तर आपलं आपण शोधायचं.

अजून एक गोष्ट मनाला लागली. वाचनाच्या यादीत भारतातून फक्त टागोर, तेही एक छोटा लेख. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि मग अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे उभं केलं, शिंपले, बिया, पानं, मिळेल त्या साहित्यातून, किंवा लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, हे तर होलिस्टिकच आहे ना, आणि महागडं लाकडी साहित्य न घेता केलेलं. मी शेवटच्या पेपरमध्ये त्यांच्यावर पंधरा पानं लिहिली. वाचून दोन जणींनी ताराबाईंचं अजून काही इंग्लिशमध्ये आहे का विचारलं, तेव्हा बरं वाटलं.

पैशाचं सांगते. फी, राहणं, रंग-साहित्य धरून मला साधारण चोवीस हजार डॉलर पडले. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मास्टर्स झाल्यावर पगाराची पायरी वाढते, त्यामुळे काही वर्षांत निघतील. टॅक्समध्ये लाइफटाइम लर्निंग क्रेडिट वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर मिळतं पण त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, नवरा-बायको दोघं आयटीत असलात तर बहुतेक मिळणार नाही. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर शिकता येतं, पण पगारी शिकवायला ईएडी, म्हणजे कामाचं परमिट, लागतं. आणि ही डिग्री म्हणजे स्टेटचं टीचिंग लायसन्स नाही, बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ते वेगळं काढावं लागतं, हे फॉर्म भरायच्या आधी लेखी विचारून घ्या. आमच्या बॅचमधल्या एकीला हे दुसऱ्या वर्षी कळलं आणि ती फार रडली.

आधीच वर्गात शिकवत असाल तर मी डोळे झाकून घ्या म्हणेन. नुसती शिक्षणात शिरायची इच्छा असेल तर आधी लायसन्सचा कोर्स करा, हे नंतर. आणि डिपॉझिट भरायच्या आधी एक अख्खा दिवस त्यांच्या उन्हाळी वर्गात बसू द्याल का असं विचारा, मी विचारलं तर लगेच हो म्हणाले होते. त्या दिवशी शिकवणारे स्वतः मुलांसारखे जमिनीवर बसून रंगात हात घालतात की बाजूला उभे राहून फक्त सांगतात, तेवढं नीट बघून या.