व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर?
व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) वापरून अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे बहुधा सर्किट साधं ठेवतात. थोडं डिस्टॉर्शन (मूळ आवाजात झालेला बदल) राहिलं तरी ते कानाला गोड लागतं. ट्रान्झिस्टरवाले फीडबॅकने (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत देऊन) ते जवळपास पुसून टाकतात. आवाज दोन्हींचा उत्तम असू शकतो, खरा फरक हाताळणीत आहे.

व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये अनेकदा 300 ते 500 व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ते टिकू शकतं. झाकण उघडूच नका. स्पीकर न जोडता चालवलात, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) जळू शकतो. ट्रान्झिस्टरला रिकामं चालणं सहसा सोसतं. स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना टेकणं मात्र महागात पडतं. घरात लहान मुलं असतील तर मी ट्रान्झिस्टरच सुचवेन, कारण त्यात तापलेल्या काचा उघड्यावर नसतात. त्यातही क्लास ए (ज्यात ट्रान्झिस्टरमधून सतत करंट वाहतो) असेल तर भोवती मोकळी जागा हवीच, गाणं थांबलं तरी तो तापलेलाच राहतो.