अंतर अचूक, वेळ कच्ची : मुंबई–न्यूयॉर्कचा हिशोब सांगणारी वेबसाइट

मी ३१ वर्षं नाशिकला भूगोल शिकवला. ऑक्टोबर २०२५मध्ये आम्ही दोघं नवरा-बायको मुलीकडे न्यू जर्सीला, एडिसनला निघालो. हिला, म्हणजे बायकोला, रोज रात्री नऊला इन्सुलिन असतं. डॉक्टर म्हणाले, "सर, घर ते घर नेमके किती तास लागतात ते लिहून आणा, मग डोसच्या वेळा ठरवू." तेव्हा भाच्याने दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणारी एक फुकट वेबसाइट दाखवली.

अंतराला पैकीच्या पैकी मार्क. मुंबई ते न्यूयॉर्कचं जेएफके, साडेबारा हजार किलोमीटर. माझ्याकडे ३० सेंटिमीटर व्यासाचा जुना पृथ्वीगोल आहे. त्यावर दोरा ताणून धरला, साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला. गणित केलं, आकडा जुळला. दोरा मॉस्कोजवळून वर चढतो, नॉर्वे ओलांडून आइसलँडवर जातो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशाची सवय असलेल्या मुलांना हे पटायचं नाही, दरवर्षी दोरा काढावा लागायचा. वेबसाइटच्या नकाशावर तोच वाक पाहून फार बरं वाटलं.

वेळ मात्र तिने दिली १३ तास ५३ मिनिटं. साडेबारा हजाराला ताशी ९०० किलोमीटरच्या वेगाने भागा, हेच येतं. म्हणजे वारा धरलेला नाही, वळसाही नाही. पश्चिमेकडे जाताना जेट स्ट्रीमचे, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे समोरून येतात. त्यात एप्रिल २०२५पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद होती, त्यामुळे दोऱ्याची वाट मिळतच नव्हती. आमचं विमान १५ तास ५० मिनिटं हवेत होतं. डिसेंबरात परतताना तेच वारे पाठीशी होते, तेव्हा १४ तास २० मिनिटं लागली.

दुसरी चूक मला जास्त लागली. दोन्ही गावांच्या घड्याळांत साडेदहा तासांचा फरक दाखवला होता. तो हिवाळ्यातला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्कची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊचा. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला एक तास म्हणजे थोडका नाही. वेळेसाठी पाचपैकी दोनच देतो.

शेवटी कागदावर मांडलं. नाशिकहून कसारा घाटाने विमानतळ साडेचार तास, तिथे चार तास आधी हजर, तिकिटावरचे साडेसोळा, इमिग्रेशन आणि सामान दीड, जेएफके ते एडिसन दीड. एकूण अठ्ठावीस, वेबसाइटच्या दुप्पट! डॉक्टरांनी तोच कागद समोर ठेवून वेळा लिहून दिल्या आणि हिला बजावलं, पोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ भारताचंच ठेवा. इन्सुलिनचं पेन हातातल्या बॅगेत घेतलं.

संध्याकाळी पाचला घर सोडलं. पहिला डोस मुंबई विमानतळाजवळ, गाडीतच. दुसऱ्या दिवशी एडिसनला साडेअकराचं ऊन होतं आणि हिच्या घड्याळात नऊला चार मिनिटं कमी. आधी इन्सुलिन, मग मुलीच्या हातचं जेवण.