‘किरकोळ डाग’ असलेलं आभाळ

वस्तू: आल्फ्रेड विल्यम रिच यांचं जलरंगातलं निसर्गचित्र. माप १७ बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या वहीच्या पानाएवढं. घेतलं इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका लहान लिलावघराच्या ऑनलाइन विक्रीत. बोली १२० पौंडांवर थांबली आणि मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. बिल यायचं होतं.

१२० वर लिलावघराचं २५ टक्के कमिशन, ३० पौंड. त्या ३० वर २० टक्के व्हॅट, ६ पौंड. ज्या संकेतस्थळावरून बोली लावली त्यांचे ३ टक्के, त्यावरही व्हॅट, म्हणजे ४ पौंड ३२ पेन्स. पॅकिंग ते करत नाहीत, कुरियरवाला वेगळा, त्याचे २२. चित्र दारात आलं तेव्हा १८२ पौंड ३२ पेन्स झाले होते. अटींमध्ये सगळं लिहिलेलं असतं, लपवाछपवी नाही. पण पहिल्यांदाच बोली लावत असाल तर ठरवलेल्या रकमेतला चौथा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवा, आणि कुरियरचे पैसे निराळे.

रिच (१८५६–१९२१) हा ससेक्सचा माणूस. तरुणपण गेलं ढाली-मुकुटांची घराण्यांची चिन्हं रंगवण्यात. तिशी उलटल्यावर लंडनच्या स्लेड कला विद्यालयात शिकायला गेला. मोनेची हवा चालू असताना हा मात्र शंभर वर्षं मागे, गर्टिन आणि डी विंट या जुन्या इंग्रज जलरंगकारांकडे बघत बसला. उघड्यावर बसून, उदी-करड्या रंगांत, मोठ्या ब्रशने रंगवायचा. १९१८ साली जलरंगावर एक पुस्तकही लिहिलं. टेट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याची चित्रं आहेत, तरी इथे लेस्टरमध्ये माझ्या ओळखीच्या एकाही इंग्रज माणसाने त्याचं नाव ऐकलेलं नाही. म्हणून तर माझ्यासारख्या फार्मसीत नोकरी करणाऱ्या बाईला परवडला.

आता तक्रार. चित्राच्या स्थितीबद्दल लिलावघराने दोनच शब्द लिहिले होते: किरकोळ डाग. मी आणखी फोटो मागितले, तर एकच आला, तोही काचेवर छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलेला. पेटी उघडली आणि पोटात गोळा आला. आभाळाच्या उजव्या कोपऱ्यात तपकिरी ठिपक्यांची नुसती पुरळ. जुन्या माउंटचा, म्हणजे चित्राभोवतीच्या चौकटीचा, पुठ्ठा आम्लधर्मी, त्याने चारी कडांना चहासारखी पिवळी रेघ उमटवलेली. फ्रेमच्या मागच्या फळीला वाळवीने नाही तरी कुठल्याशा किड्याने टाचणीएवढी भोकं पाडलेली. याला किरकोळ म्हणायचं तर मग मोठं कशाला म्हणतात?

त्याच रात्री सांगलीला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या किती पोरांचे ब्रश त्यांनी हातातून काढून घेतले असतील, गणती नाही. एकच धोशा: वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, एकदाच द्यायचा, परत हात फिरवायचा नाही. मी डाग दाखवत होते आणि ते वैतागत होते.

“अगं, फोन स्थिर धर. खाली ने. आता आभाळ दाखव. हे बघ, एका दमात मारलंय. कागद कोरडा पडायच्या आत डावीकडून उजवीकडे आणलाय, आणि तिथं रंग संपत आला म्हणून ब्रश आडवा केलाय.”

खरंच होतं. चित्रात तसं फार काही नाही: खडूच्या मातीची बुटकी टेकडी, दोन झाडं, एक पायवाट. तीन चतुर्थांश जागा आभाळालाच. पायवाट तर रंगवलेलीच नाही, कागद कोरा सोडलाय आणि दोन्ही बाजूंनी गवत आणून ठेवलंय. झाडं ओलसर गडद रंगात. त्यांच्या बुडाशी ब्रशचा एक केस चिकटून राहिलाय, तो शंभर-सव्वाशे वर्षं तसाच.

“आणि ते पांढरे ठिपके?” बाबांनी विचारलं.

मी ते पाहिलेच नव्हते. तपकिरी ठिपक्यांपासून दूर, डावीकडच्या ढगात, पाच-सहा गोल फिकट डाग. कडेला रंग जरा गडद झालेला.

“पाऊस आला त्याला,” बाबा म्हणाले. “वॉश ओला असताना थेंब पडलेत. आपल्याकडे कृष्णेच्या घाटावर माझं असं किती वेळा झालंय.”

कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे चित्र नेलं (८५ पौंड, आणि हे पैसे देताना मला अजिबात दुःख झालं नाही). तपकिरी ठिपके त्यांनी बऱ्यापैकी फिके केले, पिवळी रेघ थोडी उरली. पांढऱ्या डागांबद्दल मी काही सांगायच्या आधीच म्हणाल्या, हे पावसाचे, इथे रंगच बाजूला सरकलाय, याला हात लावणार नाही. बाबांना कळवलं तर उत्तरादाखल नुसता अंगठा.

जुना माउंट काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. त्याच्याखाली झाकलेल्या पट्टीत आभाळाचा निळा चांगला ताजा आहे. बाकीचं आभाळ उन्हाने ओढून नेलं. जलरंग उजेडात उडतात हे त्या काळीही ठाऊक होतं. रसेल आणि ॲब्नी यांचा त्यावरचा सरकारी अहवाल १८८८ सालचा. संग्रहालयं अशी चित्रं साधारण ५० लक्सच्या, म्हणजे मंद, उजेडात लावतात आणि मग पुन्हा पेटीत ठेवतात. आधीच्या कुण्या मालकाने मात्र खिडकीसमोरच टांगलं असणार. आमच्याकडे ते जिन्याच्या वळणावर आहे, तिथे ऊन पोचत नाही. नवी फ्रेम आणि आम्लविरहित माउंट, ७० पौंड.

एकूण ३३७ पौंड ३२ पेन्स. चित्राला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो झाडांसाठी, उजवीकडचं झाड जरा आळसातच उरकलंय. लिलावघराला दीड, तोही वेळेवर ईमेलचं उत्तर देतात म्हणून. पुढच्या वेळी काचेबाहेर काढलेल्या चित्राचा, पाठीमागच्या बाजूसकट फोटो मिळाल्याशिवाय बोली लावणार नाही.

जुनी फ्रेम गॅरेजमध्ये आहे, किड्यांसकट. कुणाला हवी असेल तर फुकट न्या. कुरियर मात्र तुमचा.