कॅसेट वाचली पण बाबांचं हसू 'साफ' करून दिलं

परवा माळा आवरताना बाबांची कॅसेट सापडली, जॉनी लिव्हरची 'हंसी के हंगामे', म्हणजे ओरिजनल नाही हं, शेजाऱ्यांचा टेप आमच्या टेपसमोर ठेवून भरून घेतलेली, डबल डेक, म्हणजे एका कॅसेटवरून दुसरी भरणारा टेप, तेव्हा आमच्या चाळीत कुणाकडेच नव्हता. वर बाबांच्या अक्षरात "जॉनी. पुसू नये." घरात आता वाजवायला काही नाही म्हणून लॅमिंग्टन रोडला एका दुकानात नेली, कॅसेटचं एमपीथ्री करून देतात. नाव टाकत नाही कारण तक्रारपण आहे आणि माणूस वाईट नाही.

आधी चांगलं सांगतो. दुकानातल्या काकांनी कॅसेट हातात आल्या आल्या डेकमध्ये कोंबली नाही, इथेच निम्मे मार्क दिले. उजेडात धरून बघितली, कडेला पांढरं दिसतंय ती बुरशी म्हणाले, चार महिने पावसाची ओल खाल्ली की माळ्यावरच्या कॅसेटला होतेच. आतला फेल्टचा छोटा तुकडा असतो ना, टेपला हेडवर दाबून धरणारा, तो गळून पडलेला, त्याच्याशिवाय आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. रीळ दुसऱ्या कॅसेटच्या कवचात घातलं आणि बॉलपेन खुपसून ढिली टेप गुंडाळली, सेम आपण लहानपणी करायचो तसं.

पेन बघून मला हसूच आलं, कारण जॉनी लिव्हरने सुरुवातीला मुंबईच्या रस्त्यावर पेनंच विकली, नटांच्या नकला करत करत. आंध्रातलं तेलुगू कुटुंब, जन्म १९५७ चा, वाढला धारावीकडे, सातवीनंतर पैशांपायी शाळा सुटली. मग वडील होते त्याच हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामगार. तिथल्या एका कार्यक्रमात साहेबलोकांची नक्कल केली आणि कामगारांनीच नाव ठेवलं जॉनी लिव्हर, खरं नाव जॉन प्रकाश राव जनुमला. हा किस्सा बाबा असा सांगायचे की जणू हेच पहिल्या रांगेत बसले होते, प्रत्यक्षात बाबा बेस्टमध्ये.

जॉनीने १९८१ ला नोकरी सोडली, ऑर्केस्ट्रा, कल्याणजी-आनंदजींबरोबर दौरे. 'होप ८६' च्या कार्यक्रमात तर त्याला फिलर म्हणून, मधली वेळ भरायला उभं केलं होतं, समोर अख्खी इंडस्ट्री, आणि लोकांनी डोक्यावर घेतलं, त्यातूनच 'जलवा' पिक्चर मिळाला. पुढे 'बाजीगर'चा विसरभोळा बाबूलाल, 'दीवाना मस्ताना' आणि 'दूल्हे राजा'साठी फिल्मफेअर, ते सगळ्यांना माहीतच आहे. पण माझं मत विचाराल तर पिक्चरवाल्यांनी त्याचा चेहराच जास्त वापरला, डोळे फिरव, किंचाळ. कॅसेटमध्ये चेहरा नाही. नुसता गळा आणि मधे कुठे थांबायचं ते, आणि त्या थांबण्यातच माणूस भाव खाऊन जातो. आता स्टँडअपवाले तासभर स्वतःच्या ब्रेकअपचं सांगतात, मी जातो, हसतोपण, पण एका गळ्यातून पाच माणसं काढणारं फार कुणी दिसत नाही. (त्याची मुलगी जेमी काढते, ते घरातलंच.)

तर तक्रार. पहिली वेळेची. "आज देतो" म्हणाले आणि नऊ दिवस लावले. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, फास्ट करता येत नाही, हे मान्य आहे, पण मग आज म्हणायचंच कशाला? दुसरी मोठी. घरी येऊन फाइल लावली, एकदम स्वच्छ, आणि बाबाच नाहीत! अहो हवेतून भरलेली कॅसेट ती, खोलीतलं सगळं त्यात आलेलं, कुकरची शिट्टी, आई "आवाज कमी करा" म्हणतेय, आणि जोकच्या आधीच सुटणारं बाबांचं हसू, कारण त्यांना पुढचं सगळं पाठ. काकांनी सॉफ्टवेअरने नॉइज म्हणून सगळं घासून काढलं, न विचारता. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, मी कशासाठी गेलो होतो तेच नेमकं पुसलेलं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो, तावातच. काका गप्प ऐकत बसले, मग म्हणाले, "कच्ची फाइल मी कधी उडवत नाही, थांबा." साफ न केलेली वेव्ह फाइल होती त्यांच्याकडे, सहाशे एमबीच्या आसपास, पेनड्राइव्हवर टाकून दिली, जास्तीचे पैसे नाही घेतले. तिथेच हेडफोनवर लावून बघितली. शिट्टी आली, आई आली, आणि दोन सेकंद आधी बाबा. काकांनी एक कान स्वतःला लावला आणि विचारलं, "हे आधीच का हसतायत?"

साडेचारशे रुपये एका कॅसेटचे, बुरशी काढून. जाणार असाल तर "नॉइज काढू नका, कच्ची फाइल पण द्या" हे पावतीवर लिहून घ्या, पेनड्राइव्ह स्वतःचा न्या, आणि शनिवारी जाऊ नका, जिन्यात उभं राहायला जागा नसते. माझ्या अजून चार कॅसेट आहेत, एक ताईच्या बारशाची, तिला तर पूर्ण बुरशी आहे. त्यांनाच देणार.