स्क्रूने जुळवता येणारा घोट्याचा ब्रेस: तपासताना नजर गुडघ्यावर

अर्धांगवायूनंतर पाऊल लोळत असेल तर मेडिकलवाला बहुधा एकच वस्तू काढून देतो: पोटरीमागून तळव्याखाली वळणारी प्लास्टिकची पट्टी. फक्त चवडा उचलणारे स्नायू दुबळे असतील आणि पोटरी सैल असेल तर ती पुरते. हलकी असते, बुटात मावते. पण पोटरी ताठरली असेल, पाऊल आत वळत असेल तर ही पातळ पट्टी ताठरपणापुढे वाकते आणि पेशंट बुटाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागतो. अशांना घोट्याशी बिजागरी असलेला, तिचा कोन बदलता येणारा ब्रेस द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो जड असतो, महाग असतो आणि नीट जुळवला नाही तर साध्या पट्टीपेक्षा जास्त त्रास देतो.

दुहेरी बिजागरीत दोन नळ्या असतात, एक पुढे, एक मागे. प्रत्येकीत स्प्रिंग किंवा पिन बसते आणि वरचा स्क्रू अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या चावीने) फिरतो. मागच्या नळीत स्प्रिंग घातली की पाय हवेत असताना चवडा उचलायला मदत होते. तिथेच पिन घातली की पाऊल ठरलेल्या कोनाखाली जातच नाही. पुढची पिन नडगीला पावलावरून किती पुढे झुकू द्यायचं ते ठरवते.

खरी गडबड इथेच होते. चवडा घासू नये म्हणून मागची पिन कचकचीत आवळली जाते. मग टाच टेकल्यावर पावलाला खाली यायला वाव उरत नाही, नडगी पुढे ढकलली जाते आणि मांडीचे स्नायू दुबळे असतील तर गुडघा दुमडतो. उलट, पाऊल खाली झुकलेलं राहिलं तर गुडघा फटकन मागे जातो. चवडा उचलला जातोय एवढ्यावर समाधान मानून दुकानातून निघू नका. गुडघ्याच्या उंचीवर मोबाईल धरून बाजूने व्हिडिओ काढा. दोन्ही दोष त्यात स्वच्छ दिसतात.

वेग मोजायला १४ मीटर सरळ जागा घ्या आणि मधल्या १० मीटरचीच वेळ धरा. नेहमीच्या चालीने, तीच काठी, तेच बूट. आधी ब्रेसशिवाय, मग ब्रेस घालून, प्रत्येकी तीनदा चालवून सरासरी काढा. ब्रेसशिवाय चालणं सुरक्षित नसेल तर तो भाग सोडून द्या. १० मीटरला २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली असेल, तर चालणं साधारण घरापुरतं. साडेबारा सेकंदांच्या आत, म्हणजे ०.८ मीटरच्या वर गेलं की बाहेर मोकळेपणाने फिरता येतं. स्ट्रोकनंतर वेगात सेकंदाला सुमारे ०.१६ मीटरची वाढ अर्थपूर्ण मानतात. पण वेग वाढला आणि गुडघा मागे फटकारतोय, तर ते सेटिंग आम्ही नापास करतो, कारण गुडघ्यामागचे अस्थिबंध हळूहळू ताणले जातात.

एका वेळी एकच बदल, तोही पाव ते अर्धा फेरा. बिजागरी दोन्ही बाजूंना असेल तर आतला आणि बाहेरचा स्क्रू अगदी सारखा फिरवा. फरक पडला की पाऊल पिळतं, बिजागरी अडकते, रिव्हेट ढिले होतात. मूळ जागी मार्करने खूण करा आणि थोडं चालवल्यावरच पुन्हा मोजा. मग खुर्चीतून उठणं आणि जिना उतरणं बघा. पुढची पिन फार आवळली असेल तर दोन्ही अडतात.

गुडघा सरळ ठेवून घोटा ९० अंशांपर्यंत येतच नसेल तर स्क्रूने ओढू नका. टाच ब्रेसमध्ये वर उचलली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. कोन थोडा खाली ठेवून टाचेखाली पाचर घालणं बरं. घोट्यावरून तिरका जाणारा पट्टा टाच खाली दाबून धरतो; तो एका हाताने लावता येतो का, हे पेशंटलाच करायला लावा.

बूट बदलला की सेटिंग बदलतं. टाचेच्या बुटावर जुळवलेला ब्रेस सपाट चपलेवर घातला की नडगी मागे कलते आणि गुडघाही मागे जातो. फरशीवर नुसत्या ब्रेसने चालू नये, प्लास्टिक घसरतं. घरात वापरायला तेवढ्याच टाचेचा वेगळा जोड ठेवा.

पायाला संवेदना कमी असेल तर त्वचा डोळ्यांनीच तपासावी लागते. आधी ब्रेस थोडा वेळच घाला, मग पायमोजा काढून बघा. अर्ध्या तासात न जाणारी लाली म्हणजे तिथे दाब आहे. घोट्याची दोन्ही हाडं आणि करंगळीकडची कड पाहाच. गुडघ्याखालच्या बाहेरच्या हाडाकडे खास लक्ष द्या: चवडा उचलणारी नस तिथूनच जाते, ती दाबली गेली तर पाऊल आणखी लोळेल.

महागड्या पर्यायांत तेलाच्या विरोधाने हालचाल मंदावणारा (तेल-डॅम्परचा) जपानी ‘गेट सोल्युशन’ ब्रेस टाच टेकताना पाऊल सावकाश खाली सोडतो. बेकर कंपनीच्या ट्रिपल अ‍ॅक्शन बिजागरीत कोन आणि दोन्ही दिशांचा विरोध वेगवेगळा बदलता येतो. ओसर कंपनीचा मऊ फूट-अप पट्टा फक्त सौम्य दुबळेपणाला ठीक, ताठर पायाला नाही.

पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र आणि मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था इथे ऑर्थोटिस्ट, म्हणजे ब्रेस बनवणारे आणि जुळवणारे तज्ज्ञ, असतात. खासगीत घेताना किमतीत पुढची जुळवणी धरली आहे का, हे आधीच विचारा. पोटरीत बोटॉक्सचं (ताठर स्नायू सैल करणारं) इंजेक्शन झालं किंवा ताठरपणा बदलला की स्क्रू पुन्हा जुळवावेच लागतात.