फेरारी एफ४३० सोबत अकरा महिने: सगळा जीव क्लचच्या टक्केवारीत

"क्लच ७८ टक्के संपलाय. यापुढे गाडी रस्त्यात अडकली तर जबाबदारी तुमची." वर्कशॉपच्या काउंटरवरच्या माणसाने एवढं बोलून अंदाजपत्रक माझ्यापुढे सरकवलं. खालची बेरीज बघितली, कागदाची घडी केली आणि घरी आलो. चार दिवस कोणाशी धड बोललो नाही. पाचव्या दिवशी रागाच्या भरात हा अनुभव लिहायला घेतला. तेव्हा जे लिहिलं होतं त्यातलं अर्धं नंतर खोडावं लागलं. का, ते पुढे येईलच. कडवटपणा अधूनमधून उरला असेल, तर तो चार दिवसांचा आहे असं समजा.

गाडी २००६ ची फेरारी एफ४३०, एफ१ गिअरबॉक्सची, म्हणजे स्टिअरिंगमागे पॅडल. तिच्याबरोबर शेवटपर्यंत खरेदीच्या शर्यतीत होती त्याच वर्षाची लॅम्बोर्गिनी गॅलार्डो, ई-गिअर, म्हणजे तीही पॅडलवालीच. आकडे तुम्हाला पाठ असतील. इकडे ४.३ लिटरचा व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि ४९० पीएस (अश्वशक्ती), तिकडे ५ लिटरचा व्ही१० आणि ५२० पीएस. त्या ३० पीएसने माझ्या आयुष्यात काही फरक पडणार नव्हता. माझा प्रश्न साधा होता: जी गाडी घ्यायची ऐपत जेमतेम आहे, ती सांभाळायची ऐपत आहे का?

फेरारीचीच आधीची ३६० मोडेना आणखी स्वस्त पडली असती, पण तिला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणारा पट्टा. चालवा नाहीतर झाकून ठेवा, ठरावीक वर्षांनी तो बदलायचाच. एफ४३० च्या इंजिनात साखळी आहे. उभ्या गाडीवर नुसत्या कॅलेंडरमुळे खर्च करायचा, हे मला झेपत नाही. म्हणून ३६० पहिल्याच दिवशी बाद.

मॅन्युअलचं मात्र मनाला लागलं होतं. दोन्ही गाड्या उघड्या खाचांच्या धातूच्या पट्टीतल्या गिअरसह बनल्या, आणि आता सगळ्यांना त्याच हव्या आहेत. इंजिन तेच, पत्रा तोच, पण मधे दांडा असला की भाव कुठल्या कुठे जातो. मी चिकट माणूस. पॅडलवाली घ्यायची, आणि वाचलेल्या पैशांत एक सोडून दोन क्लच बसतील, असा हिशेब वहीत मांडला. त्या हिशेबाने पुढे कित्येक महिने मला सुखाने झोपू दिलं नाही.

कारण या गाड्यांत क्लचचं पेडल नसलं तरी क्लच असतोच. साधा, एकेरी, मॅन्युअल गाडीत असतो तसाच. फक्त तो दाबायचं काम तुमच्या पायाऐवजी हायड्रॉलिक तेल करतं आणि कधी दाबायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. आजच्या डबल-क्लचची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) सवय असलेला माणूस यात बसला की ब्रेक सोडून गाडी हळूहळू सरकवायला जातो, आणि तेवढ्यात क्लच घासत राहतो. फेरारी टाळून लॅम्बोर्गिनीकडे पळावं, तर दोन्हींच्या या यंत्रणेचं मूळ मॅग्नेटी मारेल्ली या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या इटालियन कंपनीकडेच. आगीतून फुफाट्यात.

खरं सांगायचं तर चालवून बघितल्यावर मन गॅलार्डोवर बसलं होतं. चारही चाकांना ताकद, ओल्या रस्त्यावर छाती धडधडत नाही. एसी आणि रेडिओची बटणं लॅम्बोर्गिनीच्या मालकाच्या, म्हणजे ऑडीच्या घराण्यातली, त्यामुळे पुस्तिका न उघडता कळतात. २००३ ते २०१३ मध्ये एकूण १४,०२२ गॅलार्डो बनल्या. या वर्गातल्या गाडीसाठी हा आकडा मोठा आहे, आणि जुन्या गाडीला सुट्या भागांसाठी अशा भाऊबंदांचा आधार लागतो. आवाजाबद्दल भांडण नको, पण त्या ५ लिटरच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्या) पिना १८ अंशांनी फोडून ठिणग्यांमधलं अंतर सारखं केलेलं आहे, आणि ते कानाला कळतं. एकसंध, गुळगुळीत चढत जाणारा सूर. नंतरच्या ५.२ मध्ये ती भानगड काढून टाकली, तेव्हापासून आवाज जरा खरखरीत झाला. मला जुनाच आवडतो.

मग गॅलार्डो का नाही घेतली? कागद. त्या गाडीच्या मालकाकडे सर्व्हिसच्या वहीत चार शिक्के होते आणि बिल एकही नव्हतं. टायरवर नक्षी भरपूर, पण बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले तर मालक सांगत होता त्यापेक्षा टायर बरेच जुने निघाले. (पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुनी गाडी बघायला जाताना मी आधी खाली वाकून हेच वाचतो, बॉनेट नंतर.) जो माणूस टायरबद्दल चुकीचं सांगतो, तो क्लचबद्दल खरं सांगेल कशावरून? गाडी वाईट होती असं म्हणत नाही. गाडी काय आहे हे कळायला मार्ग नव्हता.

एफ४३० वाल्याकडे जाडजूड फाइल होती. एक्झॉस्टचे मूळ मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) तडकतात ही या मॉडेलची जगजाहीर खोड, ते बदलल्याचं बिल होतं. ब्रेकच्या डिस्क लोखंडी होत्या, सिरॅमिक नव्हत्या. इतरांना ती उणीव वाटेल, मला खर्चाच्या दृष्टीने तो दागिना वाटला. आणि नवा क्लच बसवल्याचं बिल होतं, त्यानंतर गाडी जेमतेम ९,००० किलोमीटर चाललेली. शिवाय मी मनाशी एक तर्क लढवला होता. चारही चाकं रस्ता घट्ट धरून ठेवत असतील, तर जोरात निघताना टायर घसरणार नाहीत, आणि मग घसरायला क्लचच उरतो. मागच्या दोन चाकांची गाडी निदान टायर जाळून क्लच वाचवते. तर्क अगदीच खोटा नाही. पण मी जोरात निघतो कधी? महिन्यातून दोनदा. खरेदीचं समर्थन शोधणारा माणूस किती खोल जाऊ शकतो, याचा हा नमुना.

पहिले तीन महिने छान गेले. दार उघडलं की मागून पंपाची घूं-घूं ऐकू येते. गिअरबॉक्सचं हायड्रॉलिक दाब भरून घेत असतं. आधी तो आवाज ऐकून आनंद व्हायचा, मग मी सेकंद मोजायला लागलो. पंप सारखा-सारखा चालू लागला तर दाब साठवणारा, नायट्रोजन भरलेला अ‍ॅक्युम्युलेटर थकला असं समजावं. आणि पंपाचा रिले, म्हणजे पंपाला वीज देणारा स्विच, चिकटला तर पंप थांबतच नाही आणि जळून जातो. रिले हा या गाडीतला बहुधा सगळ्यात स्वस्त भाग आणि पंप महागड्या भागांपैकी एक, म्हणून घेतल्या आठवड्यातच रिले स्वतःच्या हाताने बदलला. अकरा महिन्यांत या गाडीवर केलेला सगळ्यात समाधानाचा खर्च तोच.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. माझी गाडी तळघरात उभी असते आणि बाहेर यायला चढ आहे. गाडी आत तोंड करून लावली तर सकाळी तो चढ रिव्हर्समध्ये चढावा लागतो, आणि या गिअरबॉक्सच्या क्लचचा चढावरच्या रिव्हर्सइतका दुसरा वैरी नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा तसं केलं. दुसऱ्यांदा वास आला. त्या दिवसापासून रात्री कितीही उशीर होवो, पाऊस असो, मागे कोणी हॉर्न वाजवत असो, खालच्या सपाट जागेत मी गाडी वळवून तोंड बाहेर करूनच लावतो. शेजाऱ्यांना वाटतं मी गाडी मिरवतोय.

गर्दीत पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचं अंतर पडेपर्यंत हलायचं नाही, आणि हललो की अर्धवट नाही, क्लच पूर्ण लागेपर्यंत जायचं. सिग्नलला दोन्ही पॅडल ओढून न्यूट्रल. वरचा गिअर टाकताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका. हे सगळं करूनही पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी एक हिसका द्यायचीच. शेजारी बसलेल्याची मान पुढे जाऊन मागे यायची. बायको दोनदा बसली आणि म्हणाली, "तू शिकतोयस का अजून?"

सातव्या महिन्यापर्यंत माझं मत पक्कं झालं होतं: चुकलो. गॅलार्डोच घ्यायला हवी होती, किंवा पोटाला चिमटा काढून मॅन्युअल. वहीत तसं लिहिलंही आहे, खाली दोन रेघा मारून.

आणि मग ते ७८ टक्के. वार्षिक सर्व्हिसला गाडी दिली होती, क्लचबद्दल मी विचारलंही नव्हतं. बिलाची फाइल दाखवली, म्हटलं हा क्लच १५,००० किलोमीटरचा आहे, आणि मी तर त्याला तळहातावर जपलाय. उत्तर आलं, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." त्या वाचनाचा कागद मागितला तर म्हणे तो ग्राहकाला देत नाही. नवा क्लच बसवला तेव्हा शून्य म्हणून कोणती किंमत नोंदली होती, एवढंच बघून सांगा म्हटलं, तर काउंटरवरचा माणूस आत गेला तो बाहेर आलाच नाही. अर्ध्या तासाने दुसऱ्याच कोणी येऊन गाडीची किल्ली दिली.

शून्याचा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. ही टक्केवारी म्हणजे कोणी क्लच उघडून जाडी मोजलेली नसते. क्लच पूर्ण लागलेला असताना त्याचं बेअरिंग कुठे उभं आहे ते सेन्सर सांगतो. प्लेट झिजत जाते तशी ती जागा सरकते. नवा क्लच बसवला की त्याची सुरुवातीची जागा कॉम्प्युटरला शिकवायची असते, आणि तिथून किती सरकला यावरून टक्के निघतात. शिकवलंच नाही, तर कॉम्प्युटर जुन्या क्लचच्या शून्यापासून मोजत बसतो.

शेवटी एका एकट्याने काम करणाऱ्या मेकॅनिककडे गेलो. वयस्कर माणूस, हात तेलकट, बोलणं कमी. त्याने वाचन काढलं, फाइलमधलं जुनं बिल दोनदा वाचलं आणि म्हणाला, "क्लच बसवलाय. शिकवलेला नाही." त्याच वेळी फ्लायव्हीलही (क्लच ज्यावर पकड घेतो ती जड चकती) बदललं होतं, त्यामुळे घोळ वाढलेला. सगळा हिशेब नव्याने मांडून त्याने आकडा सांगितला: ३६ टक्के.

दोन आकड्यांमध्ये एका अख्ख्या क्लचच्या किमतीएवढा फरक होता. पण खरी गंमत पुढे आहे. जाता जाता त्याने क्लच जिथे पकडायला सुरुवात करतो तो बिंदू तपासला. त्याला इटालियन नावाच्या आद्याक्षरांवरून पीआयएस म्हणतात. तोही चुकीचा होता. तो जुळवून त्याने मला गाडी बाहेर काढायला सांगितली. मी सवयीने मान ताठ केली, पॅडल ओढलं, आणि हिसका नाही. लोण्यासारखी नाही म्हणणार, एकेरी क्लच आहे शेवटी, पण निगुतीने मॅन्युअल चालवणारा माणूस निघेल तशी निघाली. आठ-नऊ महिने ज्या गोष्टीसाठी मी गाडीला बोल लावत होतो, ती वीस मिनिटांत गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

वहीतल्या त्या दोन रेघांवर मी काट मारली आहे.

त्यानंतर गाडी खऱ्या अर्थाने चालवली असं म्हणता येईल. स्टिअरिंगवरचा मॅनेटिनो, म्हणजे गाडीचा स्वभाव बदलणारा खटका, आधी मी भीतीने ओल्या रस्त्याच्या खुणेवरच ठेवायचो, आता स्पोर्टवर असतो. त्याच्या रेस खुणेवर गिअर १५० मिलिसेकंदांत बदलतो आणि तेव्हा पाठीत बसणारा धक्का मुद्दामचा असतो, त्याची तक्रार नाही. वळणातून बाहेर पडताना इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल मागच्या दोन चाकांत ताकद ज्या पद्धतीने वाटून देतं, ते बघता चार चाकांच्या ताकदीची आठवण फक्त पावसात येते. पावसात मात्र येते, खोटं कशाला बोलू. आणि ८,५०० पर्यंत सुई गेली की तो व्ही८ किंचाळतो. गॅलार्डोचा सूर अजूनही जास्त आवडतो, पण हा अंगावर येतो.

अजूनही कोणी विचारलं तर गॅलार्डो नको असं म्हणणार नाही. रोज पावसात, खराब रस्त्यावर चालवायची असेल तर तीच घ्या, फक्त पुढचं नाक उचलणारी सोय असलेली शोधा, ती सगळ्या गाड्यांना नव्हती. दोन्हींपैकी जिची बिलं जास्त, तिच्याकडे आधी जा. आणि पॅडलवाली घेणार असाल तर टक्के किती हे विचारण्याआधी ते टक्के कशापासून मोजलेत हे विचारा. उत्तर देता न आलेला माणूस आत निघून गेला, तर तुम्हीही निघा.

काल वाचन पुन्हा काढून घेतलं. ३७. गेल्या सहा आठवड्यांत एक टक्का, आणि तो कुठे गेला हे मला नेमकं ठाऊक आहे: परवा रात्री खालच्या सपाट जागेत कोणीतरी सामानाचा टेम्पो लावून ठेवला होता, आणि सकाळी मला चढ रिव्हर्समध्ये चढावा लागला.