बाळाच्या नावांची ॲप: नावं भरपूर, अर्थाचा भरवसा नाही

बाळाच्या नावांच्या बहुतेक ॲपमध्ये आता ‘मॉडर्न’, ‘युनिक’, ‘फ्युचरिस्टिक’ असे वेगळे कप्पे असतात. आरव, अयांश, रेयांश, कियान, कियारा ही मंडळी तिथे ठरलेली. चार नावं चटकन डोळ्यांसमोर आणायला ही ॲप उपयोगी आहेत, आणि तेवढ्यासाठी फोनमध्ये जरूर ठेवावीत. पण नावापुढे छापलेला अर्थ वाचून बारशाच्या पत्रिका छापायला टाकू नका.

‘आरव’चंच बघा. ॲपवर अर्थ ‘शांत’. संस्कृतात रव म्हणजे आवाज आणि आरव म्हणजेही आवाज, तोही गर्जनेसारखा, आरडाओरड्यासारखा. शांत हवं असेल तर सरळ ‘नीरव’ ठेवा. ‘अयांश’चा अर्थ ‘प्रकाशाचा पहिला किरण’ असा दिलेला असतो, पण त्यात ना प्रकाश आहे ना किरण. अय म्हणजे शुभ दैव, हा अमरकोशातला अर्थ. म्हणजे अयांश हा भाग्याचा अंश. खरा अर्थ किती छान आहे, आणि तोच सांगायचा राहून जातो! ‘रेयांश’ला ‘विष्णूचा अंश’ म्हणतात, पण ‘रेय’चा विष्णूशी संबंध दाखवणारा आधार कोशात नाही. ‘अनय’चं प्रकरण जरा नाजूक आहे. विष्णुसहस्रनामात ते नाव आहे, ज्याच्यावर दुसरा कोणी नेता नाही असा तो. पण एरवी संस्कृतात अनय म्हणजे अन्याय, दुर्वर्तन. दोन्ही माहीत असून ठेवलं तर हरकत नाही; ॲप एकच बाजू सांगतं, ही तक्रार. कियान फारसी आहे, इराणच्या जुन्या राजघराण्याशी जोडलेलं. ‘देवाची कृपा’ नव्हे. आणि कियाराला इटालियन ‘कियारा’शी जोडलं तर अर्थ तेजस्वी, आयरिश ‘कीरा’शी जोडलं तर काळसर. कुठल्या मुळाचं धरलंय हे लिहिल्याशिवाय तो अर्थ पुरा होत नाही.

घोळाचं एक मोठं कारण लिपी. या याद्या रोमन अक्षरांत साठवलेल्या असतात, आणि तिथे अरव (आवाज नसलेला) आणि आरव यांतला फरक पुसला जातो.

पडताळणी अवघड नाही. नाव आधी देवनागरीत लिहा, ऱ्हस्व-दीर्घ नक्की करा, मग फोड करा: उपसर्ग, मूळ शब्द, शेवटचा अंश-ईश-इका यांसारखा तुकडा. मूळ शब्द आपट्यांच्या संस्कृत कोशात पाहा. तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो आणि मोल्सवर्थचा मराठी कोशही तिथेच आहे. फोड होत नसेल, तर नाव केवळ नादासाठी ठेवतोय असं मोकळेपणाने म्हणावं. त्यात काही कमीपणा नाही. खोटा अर्थ मात्र सांगू नये; मूल मोठं झाल्यावर तोच अर्थ चारचौघांत सांगणार असतं.

जन्माक्षर काढण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये आहे आणि गणित सहसा बरोबर येतं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, मिळून १०८; जन्मवेळी चंद्र ज्या चरणात, त्याचं ठरलेलं अक्षर बाळाचं. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो, म्हणून जन्मवेळ आणि गाव नीट भरा. परदेशातल्या मराठी घरांनी इथे जास्त सावध राहावं: न्यू जर्सीत जन्मलेल्या बाळाची तिथली वेळ भरली आणि ॲप भारतीय वेळेवरच राहिलं, तर ऋतूप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा फरक पडून चरण एकदोन घरं सरकतो. पुढची अडचण गाळणीची. ‘द’ आलं म्हणून रोमन डी दाबलं की दक्षपाठोपाठ डिंपलही येते. एस दाबला की स, श, ष सगळे एका रांगेत. शिवाय आर्द्रेचा तिसरा चरण ङ, हस्ताचा तिसरा ण, उत्तराभाद्रपदेचा चौथा ञ. या अक्षरांवर ॲप रिकामी यादी दाखवतं. परंपरेत याचं उत्तर केव्हाच दिलेलं आहे: ङ ऐवजी ग, ञ ऐवजी ज, ण ऐवजी ड धरावा.

आता ‘फ्युचरिस्टिक’ या शब्दाकडे. जोडकाम करून घडवलेल्या नावांपेक्षा कितीतरी चांगला साठा आपल्याकडच्या विज्ञानसंस्थांनी करून ठेवलाय, आणि या कप्प्यांत तो क्वचितच दिसतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतला महासंगणक ‘प्रत्यूष’ (पहाट), नोएडातला त्याचा जोडीदार ‘मिहिर’ (सूर्य), आणि २०२४ मध्ये त्याच दोन ठिकाणी आलेले ‘अर्क’ (सूर्य) आणि ‘अरुणिका’. अरुणिका हे मुलीसाठी या सगळ्यांत गोड नाव. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर फिरलेला ‘प्रज्ञान’. गगनयानाच्या यंत्रमानवी ‘व्योममित्र’मधलं ‘व्योम’: आकाश, दोन अक्षरं, परदेशातही जिभेला सोपं. मराठी घरात त्याचं ‘व्योम्या’ होईलच, ते ऐकायलाही बरं वाटतं. ‘विभा’ जुनं वाटेल, पण २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या उपक्रमात एका ताऱ्याला हे नाव (बंगाली उच्चाराने ‘बिभा’) भारताच्या वाट्यातून मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ विभा चौधुरींच्या स्मरणार्थ. त्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह ‘संतमस’. तो अर्थ अंधाराकडे जातो, नावासाठी नको. आणि ‘अभिजित’ आजोबांच्या पिढीचं म्हणून बाजूला टाकू नका. सुमारे १२ हजार वर्षांनी ध्रुवपदाजवळ येणारा ठळक तारा तोच. भविष्याचं नाव म्हणायचं तर याहून नेमकं कुठलं?

‘त्विषा’, ‘द्युती’ यांचा अर्थ चोख, तेज. पण सुरुवातीचं जोडाक्षर इंग्रजी शाळेत आणि दवाखान्यात रोज मोडतं. प्रज्ञानला वेगळी अडचण: मराठी वळणाने ज्ञ साठी डी-एन-वाय लिहितात, हिंदी वळणाने जी-वाय. एक ठरवा आणि प्रत्येक कागदावर तेच ठेवा.

हे स्पेलिंग हलक्यात घेण्यासारखं राहिलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळाप्रवेश, पासपोर्ट यांसाठी जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे ॲपमधल्या ‘लकी स्पेलिंग’च्या सशुल्क सुविधेसाठी पैसे घालवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे; जादा ए आणि दुहेरी टी पुढे आधार आणि पासपोर्टवर जुळवत बसावे लागतात. जाहिराती बंद करण्यापुरतं शुल्क असेल तर ते ज्याच्या त्याच्या सोयीवर.

घाईही नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण ती नावाशिवाय होते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. बाराव्या दिवशी आत्याने कानात सांगितलेलं नाव दाखल्यावर चढवण्याआधी कोश उघडायला पुरेसा वेळ आहे. दाखला हातात आला की मराठी आणि इंग्रजी, दोन्ही ओळी खिडकीवरच तपासून घ्या. आर्य आणि आर्या यांच्यातला काना तिथेच हरवतो.